टेबलाला कसं कळतं किती जोर लावायचा?

वाचकांचे प्रश्न : विज्ञान

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच जागी येऊन अडकलीयेत. वस्तू हलतच नाहीये, मग तिच्यावरची बलं मांडायची कशी आणि ती एकमेकांना पुरी पडतात म्हणजे नेमकं काय होतं. अकरावीची पोरं विचारतायत, एका शेतकरी भाऊंनी बैलगाडीवरून विचारलंय, एका ताईंनी तर कपडे वाळत घालायच्या तारेवरून. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवले, विजेचे आणि आरशाचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. टेबलावर पुस्तक ठेवलं की त्याचं वजन खाली आणि टेबलाचं नॉर्मल वर, दोन्ही सारखे म्हणून पुस्तक स्थिर, इथपर्यंत ठीके. पण क्लासमधे सांगितलं की हा न्यूटनचा तिसरा नियम, क्रिया आणि प्रतिक्रिया. मग प्रत्येक क्रियेला तेवढीच उलटी प्रतिक्रिया असतेच तर सगळं कायमच कॅन्सल होईल ना, जगात काही हलायलाच नको. आणि दुसरं म्हणजे टेबलाला कसं कळतं की किती जोर लावायचा? वही ठेवली तर कमी, डिक्शनरी ठेवली तर जास्त. मित्र हसतात पण हाई मना डोकामा बठत नही. – विद्यार्थी, यावल

उत्तर : हसणाऱ्यांनाच विचार टेबलाला कसं कळतं ते, बघ काय उत्तर येतं. तुझा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला, त्यापासूनच सुरू करते.

घरी सुतळीनं विणलेली बाज आहे का? तिच्यावर पाण्याचा तांब्या ठेव, सुतळी जेमतेम दबते. आजोबा येऊन बसले की चांगला झोळ पडतो. सुतळी जितकी ताणली जाते तितकी ती जोरात वर ओढते, माणूस खाली जात जात एका जागी येऊन थांबतो, आणि ती जागा म्हणजे जिथे सुतळीचं वर ओढणं आणि माणसाचं वजन बरोबरीला येतात ती. टेबलाचं पण अगदी हेच आहे, फक्त लाकूड इतकं कडक असतं की झोळ डोळ्याला दिसत नाही. लाकडाच्या आतले अणू वरून दाबल्यावर किंचित जवळ येतात आणि जवळ आले की एकमेकांना लांब ढकलायला बघतात, त्या सगळ्या ढकलण्याची बेरीज म्हणजे तुझं नॉर्मल, पुस्तकात ज्याला अभिलंब प्रतिक्रिया लिहिलंय ते. टेबलाला कळत बिळत काही नाही, ते दबत जातं आणि वजनाला पुरेल इतकं दबलं की थांबतं. डिक्शनरी ठेवली तर थोडं जास्त दबतं. अगदीच गव्हाचं पोतं आणून टाकलंस तर एखाद्या हलक्या टेबलाची फळी मोडेल, कारण पुरेसा जोर द्यायच्या आधीच तिची दबायची हद्द संपली.

आता तिसरा नियम. इथे क्लासमधे घोळ झालाय, आणि हा घोळ इतका कॉमन आहे की मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. पुस्तकाचं वजन म्हणजे काय तर पृथ्वी पुस्तकाला ओढते. मग त्याची जोडी कोणती? पुस्तक पृथ्वीला ओढतं, तेवढ्याच जोरानं. हो, खरंच ओढतं, पृथ्वी अवाढव्य म्हणून तिला त्याचं काही वाटत नाही एवढंच. आणि नॉर्मल म्हणजे टेबल पुस्तकाला वर ढकलतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं. दोन्ही जोड्या नीट बघ, प्रत्येकीत एक बल पुस्तकावर आहे आणि दुसरं दुसऱ्याच कुणावर तरी. बलं एकमेकांना पुरी पडायला ती एकाच वस्तूवर लागलेली असावी लागतात. तिसऱ्या नियमाची जोडी कधीच एका वस्तूवर नसते, त्यामुळे ती कॅन्सल होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि जग हलत राहतं.

वजन आणि नॉर्मल ही जोडी नाही याची टेस्ट पण घे. अर्धा किलोचं पुस्तक धर, वजन 4.9 न्यूटन. नुसतं ठेवलं तर नॉर्मल पण 4.9. आता वरून बोटानं 3 न्यूटननं दाब. वजन तेवढंच राहिलं, नॉर्मल मात्र 7.9 झालं, आणि पुस्तक अजूनही जागचं हललं नाही. दाबायच्या ऐवजी दोऱ्यानं 2 न्यूटननं वर ओढलंस तर नॉर्मल 2.9 वर येतं. तिसऱ्या नियमाची जोडी असती तर दोन्ही कायम सारखी राहिली असती. वजन आणि नॉर्मल सारखे येतात ते फक्त अशा केसमधे जिथे त्या दोघांशिवाय पुस्तकाला उभ्या दिशेत कुणी हात लावत नाहीये आणि पुस्तक वर-खाली वेग बदलत नाहीये. लिफ्ट वर जायला सुरू होताना पायाखालचं नॉर्मल वाढतं, आपल्यालाही ते जाणवतं, वजन तिथेही तेवढंच असतं.

म्हणून माझी एकच पद्धत आहे आणि पुढच्या सगळ्या उत्तरांत तीच दिसेल. एक वस्तू निवडायची, एकच. कागदावर ती एकटी काढायची, टेबल नाही, जमीन नाही, दोरी नाही. मग विचारायचं की हिला कोण कोण हात लावतंय, जितके हात लावतायत तितके बाण काढायचे, आणि न शिवता ओढणारी म्हणून पृथ्वीचा एक बाण. झालं, हीच फ्री बॉडी डायग्राम. ही वस्तू दुसऱ्यांना काय करते ते बाण या चित्रात येत नाहीत, निम्म्या चुका तिथेच होतात. पोरं हे न करता थेट उतारावरच्या नॉर्मलचं सूत्र N = mg cosθ लिहून मोकळी होतात, मग उतार असो नसो, आणि मला त्याचा खरंच राग येतो.

प्रश्न : स्थिर वस्तूवर एकूण बल शून्य असतं. मग चालत्या रेल्वेवर शून्य असूच शकत नाही ना? – विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : असू शकतं. भुसावळ सोडून गाडीनं वेग पकडला आणि मग सरळ रुळावर एकाच वेगानं चाललीये, तेवढ्या वेळात इंजिनाची ओढ आणि हवा, रूळ वगैरेंचा विरोध बरोबरीला असतात, एकूण शून्य. वेग वाढताना, ब्रेक लागताना किंवा वळणावर शून्य नसतं. न्यूटननं 1687 मधे पहिला नियम लिहिला त्यात थांबलेली आणि सरळ एकसारखी चाललेली अशा दोन्ही वस्तू एकाच वाक्यात बसवल्यात, वेगळा खाना केलेला नाही. गाडीत बसून डोळे मिटलेस आणि हादरे बिदरे नसले तर तुलाही सांगता येणार नाही की चाललीये का उभी आहे.

प्रश्न : मॅडम, गच्चीवर दोन भिंतींना खिळे मारून तार बांधलीये. झोळ पडलेली तार मला बघवत नाही म्हणून मिस्टरांकडून एकदम टाईट करून घेतली, तर ओली गोधडी टाकली आणि खिळाच उपटून आला. आधी ढिली होती तेव्हा महिनोन् महिने काही झालं नव्हतं. गोधडी तीच, तार तीच, मग असं का? – गृहिणी, अमळनेर

उत्तर : ताई, गोधडी आणि तार तीच पण तारेतला ताण तो नाही राहिला. इथे वस्तू कोणती निवडायची, तर तारेचा तो मधला बिंदू जिथे गोधडी लटकलीये. त्याला तिघं ओढतायत, गोधडी सरळ खाली, तार डावीकडे आणि तार उजवीकडे. डाव्या-उजव्या ओढी आडव्या दिशेत एकमेकींना पुऱ्या पडतात. पण गोधडीला वर कोण धरणार? तारच, तिच्या ओढीतला जो थोडासा भाग तिरपा असल्यामुळे वरच्या दिशेला जातो तेवढाच. तार जितकी सपाट तितका हा भाग छोटा, मग तेवढ्याशा भागातून पूर्ण वजन उचलायचं म्हणजे मूळ ताण प्रचंड व्हावा लागतो.

आकडे घालून बघू, आणि सोपं जावं म्हणून मी किलोतच बोलते, 1 किलोचा जोर म्हणजे 9.8 न्यूटन, पोरांनी पेपरात न्यूटनच लिहावं. ओली गोधडी समजा 6 किलो, दोन खिळ्यांमधे 4 मीटर अंतर, गोधडी बरोबर मधे. तारेच्या प्रत्येक बाजूनं 3 किलो वर उचलायचेत. खिळ्यापासून मधापर्यंत 2 मीटर आणि झोळ 20 सेंटीमीटर असेल तर तार दहा मीटर आडवी गेल्यावर एक मीटर खाली येते असा उतार झाला, म्हणून ताण साधारण 3 च्या दहापट, 30 किलो. आता टाईट करून झोळ 5 सेंटीमीटरवर आणला. उतार चाळीसाला एक झाला, ताण 3 च्या चाळीसपट म्हणजे 120 किलो. सहा किलोच्या गोधडीसाठी खिळ्यावर सव्वा क्विंटलच्या आसपासची ओढ, प्लास्टरमधला खिळा येणारच ना. आणि झोळ अजिबातच नको म्हणाल तर वर उचलणारा भागच उरत नाही, मग कितीही ताण दिला तरी पुरत नाही, म्हणजे मधे काहीतरी लटकलेली तार पूर्ण सरळ राहूच शकत नाही, पोलादाची आणली तरी.

तार पुन्हा बांधताना मोकळी असतानाच वीतभर झोळ ठेवा. किंवा टाईटच हवी तर मधे एक बांबू टेकवा, मग वजन बांबू घेईल. रेल्वेला तार सपाट हवी असते, खालून इंजिनाचा पेंटोग्राफ, म्हणजे छतावरचा वीज घेणारा सांगाडा, घासत जातो म्हणून, तर त्यांनी काय केलंय, वर एक झोळवाली जाड तार आणि तिला ठिकठिकाणी छोट्या तारांनी खालची तार लटकवलीये. भुसावळकडे जाताना रुळाच्या कडेला काही खांबांवर वजनांची माळ टांगलेली दिसेल, ती ऊन-थंडीनं तार लांब-आखूड झाली तरी ताण तेवढाच ठेवायला.

प्रश्न : वडील ट्रक चालवतात, चोपड्याहून केळी भरून इंदूरच्या पुढे जातात. बिजासन घाटात ट्रक थांबवून ठेवला यावर मी स्वतः गणित बनवून सोडवलं. घर्षण = μN (μ म्हणजे घर्षणांक, N म्हणजे नॉर्मल) टाकलं तर उत्तर चुकीचं म्हणून सरांनी कापलं. सूत्र तर बरोबर आहे ना? – विद्यार्थी, चोपडा

उत्तर : स्वतः गणित बनवलंस याचे मार्क माझ्याकडून घे, पण सरांनी कापलं ते बरोबर कापलं. घाटाचा उतार मला तू दिला नाहीस, समजा 6 अंश. केळीसकट ट्रक 10 टन. ट्रक एकटा काढ. पृथ्वी सरळ खाली ओढतेय, रस्ता दोन तऱ्हेनं हात लावतोय, एक रस्त्याला काटकोनात वर ढकलणं आणि दुसरं रस्त्याला धरून चढाच्या दिशेनं घर्षण. बस, तिसरं कुणी नाही. चढ-उताराच्या दिशेचे अक्ष घेतले की वजनाचा उताराकडचा भाग 10 टन गुणिले sin 6, साधारण 1045 किलो. रस्त्यात दाबणारा भाग 10 टन गुणिले cos 6, म्हणजे 9945 किलो, नॉर्मल तेवढंच.

ट्रक उभा आहे, म्हणजे चढाच्या दिशेचं घर्षण 1045 किलो असायलाच हवं, ना कमी ना जास्त. यात μ कुठे आला? कुठेच नाही. आता तू केलंस ते बघ. कोरडा रस्ता, μ समजा 0.6, μN आले जवळपास 5970 किलो. घर्षण खरंच एवढं लागत असतं तर खाली 1 टनाची ओढ आणि वर 6 टनांची, म्हणजे उरलेल्या पाच टनांच्या जोरानं तुझ्या वडलांचा ट्रक इंजिन बंद करून केळीसकट घाट चढून गेला असता. डिझेल किती वाचलं असतं बघ!

थांबलेल्या वस्तूवरचं घर्षण टेबलासारखंच वागतं, जेवढं लागतं तेवढं देतं. μN ही त्याची शेवटची हद्द आहे, त्यापुढे ते देऊ शकत नाही. वस्तू आता घसरेल मग घसरेल अशा काठावर असेल तेव्हाच बरोबरचं चिन्ह टाकायचं, एरवी कमी किंवा बरोबर. प्रश्नात ‘घसरण्याच्या बेतात आहे’ असं काही लिहिलंय का हे आधी शोधायचं, आणि ते नसेल तर μ दिलेला असला तरी त्याच्याकडे बघायचंच नाही, पेपर काढणारे मुद्दाम देतात.

अजून एक गोष्ट, जी पुस्तकातल्या ठोकळ्यात येत नाही. ठोकळा घसरतो, ट्रकला चाकं आहेत. हँडब्रेक नसेल तर चाकं नुसती फिरतील आणि रस्ता कितीही खरबरीत असला तरी ट्रक खाली जाईल. ब्रेकनं धरलेल्या चाकांनाच रस्ता अडवू शकतो, म्हणजे नॉर्मल पण त्या चाकांवर आलेलंच मोजायचं, सगळ्या ट्रकचं नाही. म्हणून तर क्लीनर उतरून चाकाखाली दगड सरकवतो. ब्रेक सुटला तर ते 1045 किलो दगडावर येतात, दगडाकडून रस्त्यावर जातात, आणि दगड छोटा असला तर चाक त्याच्यावर चढून पलीकडे जातं. वडलांना विचार, ते तुला दगड कसा निवडतात ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

उतारावरचा हा हिशोब न्यूटनच्या शंभर वर्षं आधीचा आहे, हे फार कमी ठिकाणी सांगतात. सायमन स्टेव्हिन नावाचा ब्रूजचा माणूस, 1586 मधे त्यानं एक चित्र छापलं. एक त्रिकोण, त्याची एक तिरपी बाजू दुसरीच्या दुप्पट लांब, आणि त्याच्यावरून टाकलेली 14 सारख्या गोळ्यांची बंद माळ. लांब बाजूवर 4 गोळे, आखूड बाजूवर 2, आणि उरलेले 8 खाली लटकतायत. त्याचं म्हणणं, माळ जर एका बाजूला सरकायला लागली तर सरकल्यावरही चित्र जसंच्या तसंच राहतं, मग ती कायमच फिरत राहील, आणि असं तर होत नाही, म्हणून माळ स्थिर. खालचे 8 दोन्हीकडे सारखेच ओढतात, ते कापून टाका. राहिलं काय, लांब उतारावरचे 4 गोळे आखूड उतारावरच्या 2 गोळ्यांना बरोबर पेलतात. sin नाही, सूत्र नाही, आणि उत्तर पक्कं. मला हे चित्र अख्ख्या मेकॅनिक्समधलं सगळ्यात देखणं वाटतं.

प्रश्न : आमच्याकडे अजून बैलगाडी आहे. कापूस भरताना मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, पुढे जास्त भरला तर बैलांच्या मानेवर येतं. माप काय धरायचं? – शेतकरी, शिंदखेडा तालुका

उत्तर : भाऊ, तुम्हाला हे हातानं कळतं ते मी फक्त आकड्यात मांडते. आतापर्यंतच्या उत्तरांत जोरांची बेरीज शून्य एवढंच बघितलं, पण गाडी उलाळ होते तेव्हा ती उचलून कुठे जात नाही, आसाभोवती फिरते. म्हणजे वस्तू स्थिर राहायला दोन अटी हव्यात, जोरांची बेरीज शून्य आणि फिरवण्याची पण बेरीज शून्य. फिरवणं म्हणजे जोर गुणिले आसापासूनचं अंतर, पुस्तकात याला आघूर्ण म्हणतात.

6 क्विंटल कापूस, त्याचा सगळा भार जिथे एकवटलाय असं धरता येईल तो मध्य आसाच्या 10 सेंटीमीटर पुढे आहे, आणि आसापासून जू अडीच मीटरवर. 600 गुणिले 10 भागिले 250, जुवावर 24 किलो येतात, दोन बैलांत वाटून प्रत्येकाच्या मानेवर 12. बाकीचे 576 किलो चाकं घेतात. तोच मध्य 10 सेंटीमीटर मागे गेला की जू 24 किलोंनी वर उचलायला बघतं, बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्याला फास बसतो, आणि चढ लागला की अजूनच वाईट, कारण गंज उंच असेल तर चढावर त्याचा मध्य आपोआप मागे सरकतो. म्हणून बरोबर आसावर भार न ठेवता थोडा पुढे ठेवायचा. चाराठ बोटं पुढे भरा असं जुनी माणसं सांगतात ते या हिशोबात चपखल बसतं. गाडीचं स्वतःचं वजन मी सोडून दिलंय, रिकामी गाडी जुवावर किती येते ते तुम्ही उचलून बघितलंच असेल, ते यात मिळवा.

प्रश्न : श्रावणात कानबाई बसायच्या आधी आमच्याकडे घराला रंग देतात. मागच्या वर्षी शिडीवर चढलो, अर्ध्यापर्यंत शिडी एकदम घट्ट, वरच्या पायरीवर गेलो आणि खालून सरकली. थोडक्यात वाचलो. मी तर तोच, शिडी तीच, फरशी तीच. वर गेल्यावर असं काय बदललं? – वाचक, धुळे

उत्तर : वाचलात ते बरं झालं दादा, आणि प्रश्न असा विचारलात की अकरावीच्या पुस्तकात छापावा. बदललं ते तुमचं शिडीच्या पायापासूनचं आडवं अंतर.

शिडी एकटी काढू. तिला हात लावणारे कोण, फरशी वर ढकलतेय, फरशीच घर्षणानं पायाला भिंतीकडे धरून ठेवतेय, भिंत वरच्या टोकाला बाहेर ढकलतेय, आणि खाली दाबणारे तुमचं वजन आणि शिडीचं स्वतःचं. रंगाच्या भिंतीला घर्षण फार नसतं, ते शून्य धरू. आता बघा, आडव्या दिशेत दोघंच आहेत, भिंतीचं बाहेर ढकलणं आणि फरशीचं घर्षण. म्हणजे शिडी उभी आहे तोवर दोन्ही सारखेच. आणि भिंत किती ढकलते ते तुमच्या जागेवर आहे.

13 फुटी शिडी, पाया भिंतीपासून 5 फुटांवर, मग टोक 12 फुटांवर टेकतं. तुम्ही 60 किलो, शिडी 10 किलो. शिडीच्या पायाभोवतीचं फिरवणं मोजू, म्हणजे फरशीची दोन्ही बलं हिशोबातून बाहेर पडतात, ती त्याच बिंदूवर लागलीयेत ना, त्यांचं अंतर शून्य. ही युक्ती पोरांनी लिहून ठेवा, ज्या बलांबद्दल काहीच माहीत नाही ती जिथे लागतात तोच बिंदू धरायचा. तुम्ही पहिल्या पायरीजवळ असताना तुमचं अंतर जवळपास शून्य, फक्त शिडीचे 10 गुणिले अडीच फूट, भागिले 12, भिंतीचा जोर 2 किलो. मधोमध गेलात, 60 गुणिले अडीच अधिक 25, भागिले 12, साडेचौदा किलो. एकदम टोकाला, 60 गुणिले 5 अधिक 25, भागिले 12, म्हणजे 27 किलो. तेवढंच घर्षण फरशीकडून हवं. आणि फरशीवरचं नॉर्मल या सगळ्या वेळात तेवढंच, 70 किलो, तुम्ही खाली असा की वर. मागणी तेरापट वाढली आणि फरशीची हद्द μ गुणिले 70 जिथल्या तिथे. गुळगुळीत फरशीवर रंगाचे थेंब, पाणी पडलं असेल आणि μ 0.3 वर आला असेल तर हद्द 21 किलो. मधे होतात तोवर साडेचौदा लागत होते, निवांत. वर जाताना 21 ओलांडले आणि शिडी गेली. अर्ध्यावर घट्ट वाटली यावरून टोकाचा अंदाज बांधायचा नसतो, हिशोबच तसा आहे.

उपाय दोन. पाया जवळ घ्या, उंचीच्या चौथा हिस्सा एवढंच अंतर ठेवायचं असा सगळीकडे पाळला जाणारा नियम आहे. तुमच्या शिडीला साधारण 3 फूट. मग टोकाला उभं राहिलात तरी भिंतीचा जोर साडेपंधरा किलोच्या आसपास येतो, 27 च्या जागी. फार जवळ मात्र घेऊ नका, नाहीतर मागे उलटायची भीती.

दुसरा उपाय घरातल्याच कुणाला तरी खालच्या पायरीवर उभं करायचं. 50 किलोचं माणूस अगदी पायाशी उभं राहिलं तर फिरवण्यात त्याची भर जवळपास शून्य, भिंतीचा जोर होता तेवढाच 27, पण फरशीवरचं नॉर्मल 70 वरून 120 झालं. त्याच ओल्या फरशीची हद्द 21 वरून 36 किलोवर गेली. नुसतं हातानं धरून उभं राहण्यापेक्षा हे बरं, कारण हातानं धरणाऱ्याचं लक्ष गप्पांत गेलं की धरणं सुटतं आणि पायरीवर उभ्या माणसाचं वजन काही कुठे जात नाही. फक्त वरून रंग सांडतो तेव्हा डोक्याला जुना रुमाल बांधायला सांगा.